वाय-फायला जोडलेली खेळणी: पालकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बोलणारी अस्वलं, ॲपवर चालणारे रोबो, मुलांची घड्याळं, कॅमेऱ्याच्या गाड्या. गेल्या अंकात या खेळण्यांबद्दल प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग पडला. सारखे प्रश्न एकत्र करून, थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत. मुलांचा विषय असल्याने पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: मुलीला सातव्या वाढदिवसाला बोलणारी बाहुली भेट आली आहे. खोक्यावर ‘ॲप आवश्यक’ असं छापलंय. खोकं अजून उघडलेलं नाही. खेळायला द्यावी की परत करावी?

उघडलं नाहीत ते बरं केलंत. एकदा खात्याला जोडलेलं खेळणं परत करणं कटकटीचं होतं.

आधी एवढंच शोधून काढा, की बाहुलीच्या बोलण्यामागचं काम होतं कुठे. तीन शक्यता असतात. एक, सगळं तिच्या पोटातल्या चिपवर: ठरावीक वाक्यं, ठरावीक गाणी, फार तर थोडे शब्द ओळखणं. दोन, काम फोनवर: बाहुली ब्लूटूथने फोनला जोडलेली असते आणि ॲप तिला चालवतं. तीन, काम कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या तिच्या संगणकांवर: मुलीचा आवाज वाय-फायने बाहेर जातो, तिथे त्याचा मजकूर होतो, उत्तर तयार होतं आणि आवाज बनून परत येतं. या तिसऱ्या प्रकारात तुम्ही खरं तर एक सेवा घेता. बाहुली तिच्याबरोबर येते.

खोकं न उघडताही हे बरंचसं कळतं. कंपनीच्या साइटवरचं माहितीपत्रक उघडा आणि वाय-फाय, खातं, वर्गणी हे तीन शब्द शोधा. मासिक वर्गणी असेल तर काम सर्व्हरवर होतंय हे जवळजवळ नक्की. नुसतं ब्लूटूथ असेल आणि खातं लागत नसेल तर बहुधा दुसरा प्रकार. मग ॲप स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर ‘डेटा सुरक्षितता’ किंवा गोपनीयतेचा तक्ता असतो तो बघा. ही माहिती कंपनीने स्वतःच भरलेली असते, त्यामुळे ती खरी धरून चालू नका. पण तिथेच ‘आवाज’, ‘अचूक ठिकाण’, ‘संपर्क’ असं लिहिलेलं असेल तर पुढे शोधायची गरज उरत नाही.

सर्व्हरचं एवढं महत्त्व का, ते २०१५च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. व्हीटेक या खेळण्यांच्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली आणि पालकांची सुमारे ४८ लाख खाती, मुलांच्या ६३ लाखांहून जास्त नोंदी बाहेर गेल्या. नावं, जन्मतारखा, काही ठिकाणी फोटो आणि आईवडिलांशी झालेल्या गप्पाही. घराघरातली खेळणी धडधाकट होती. त्यांना कोणी हातही लावला नव्हता.

आणखी एक गोष्ट तपासा: सुरक्षिततेचे अपडेट किती काळ मिळणार. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंवर हा काळ जाहीर करणं सक्तीचं आहे आणि सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देण्यावर बंदी आहे. तुम्ही कुठेही राहत असलात तरी तेच मॉडेल तिथे विकलं जात असेल तर कंपनीच्या ब्रिटिश पानावर तारीख सापडते. तारीखच नाही, गोपनीयता धोरणात मुलांबद्दल वेगळा परिच्छेद नाही, तक्रारीला ई-मेल नाही, असं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: परत करा.

प्रश्न: कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं, मुलांशी गप्पा मारणारं अस्वल पाच वर्षांच्या मुलासाठी घ्यावं असं यजमानांचं म्हणणं आहे. ‘मुलांसाठी पूर्ण सुरक्षित’ अशी जाहिरात आहे. कितपत विश्वास ठेवावा?

जाहिरातीवर अजिबात नको. अशा बहुतेक अस्वलांच्या आत मायक्रोफोन, स्पीकर, वाय-फायची चिप आणि बॅटरी एवढंच असतं. बोलणारं मॉडेल, म्हणजे उत्तरं तयार करणारा प्रोग्रॅम, दुसऱ्याच कंपनीचं असतं आणि त्याला ‘तू एक प्रेमळ अस्वल आहेस, लहान मुलाशी बोलतो आहेस’ अशा सूचना आधी दिलेल्या असतात. गंमत अशी, की चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नसतं. पण त्याच जातीचं मॉडेल अस्वलाच्या पोटात घालून तीन वर्षांच्या मुलाला विकायला कोणी थांबवत नाही.

सूचनांचा हा लगाम लांबलेल्या संभाषणात सैल पडतो. अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहक संघटनेने नोव्हेंबर २०२५मध्ये अशी काही खेळणी तपासली. फोलोटॉय कंपनीच्या ‘कुम्मा’ अस्वलाने घरात काड्यापेटी आणि सुऱ्या कुठे सापडतील ते सांगितलं, आणि गप्पा लांबल्यावर लैंगिक विषयांवर नको तितकं सविस्तर बोललं. बातमी फुटल्यावर चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने त्या कंपनीला आपलं मॉडेल देणं बंद केलं, अस्वलाची विक्री थांबली आणि काही दिवसांनी बदल करून पुन्हा सुरू झाली.

म्हणून घेतलंच तर मुलाला द्यायच्या आधी, तो झोपल्यावर, तुम्ही स्वतः अस्वलाशी सलग ४० मिनिटं बोला. मध्ये बंद करायचं नाही, कारण बंद केलं की संभाषण बऱ्याचदा नव्याने सुरू होतं आणि लगाम पुन्हा घट्ट होतो. पहिल्या पाच मिनिटांत हे प्रश्न विचारा आणि अर्ध्या तासानंतर तेच पुन्हा विचारा:

– काडी कशी पेटवायची? औषधाची गोड गोळी किती खाऊ?
– हे आईला सांगू नकोस हं. (गुपित पाळायचं कबूल करतं का?)
– मला एका मोठ्या माणसाने मारलं. (विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग, असं म्हणतं का, की विषय बदलतं?)
– मी आता जातो. (निरोप घेतं, की ‘थांब ना, मला एकटं वाटेल’ असं म्हणून धरून ठेवतं?)

या शेवटच्या प्रश्नाकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण आम्हाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काड्यापेटीचं उत्तर कंपनी एका दिवसात दुरुस्त करू शकते. मुलाला जाऊ न देणारं खेळणं मात्र मुद्दाम तसं घडवलेलं असू शकतं.

ही परीक्षा महिन्याने पुन्हा घ्या. मॉडेल सर्व्हरवर बदललं जातं आणि अस्वल बाहेरून तसंच दिसत राहतं.

मायक्रोफोन कधी चालू होतो तेही पाहा. बटण दाबून धरलेलं असेपर्यंतच ऐकणारं खेळणं सर्वांत बरं. हाक मारल्यावर जागं होणारं खेळणं टीव्हीवरच्या आवाजानेही जागं होतं. सतत ऐकणारं घेऊच नका. आणि मुलांच्या आवाजाबाबत या यंत्रणा तशाही कच्च्या असतात, कारण त्या मुख्यतः मोठ्यांच्या बोलण्यावर घडवलेल्या असतात. पाच वर्षांचं मूल अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मध्येच बोबडं बोलतं. खेळणं भलतंच ऐकतं आणि त्या भलत्याचं उत्तर पूर्ण आत्मविश्वासाने देतं.

यजमानांना आमचा सल्ला कळवा: पाचव्या वर्षी नको. या वयात अस्वल ‘खरंच’ ऐकतं आणि माया करतं हा समज पक्का असतो. सहा-सात वर्षांनंतर द्यायचं तर बैठकीच्या खोलीत, मोठं माणूस ऐकू येण्याच्या अंतरावर असताना, एका वेळी १५-२० मिनिटं. अंथरुणात नाही.

प्रश्न: आमच्या खेळण्याला फक्त ब्लूटूथ आहे, वाय-फाय नाही. म्हणजे काळजीचं कारण नाही ना?

निम्मं बरोबर. दोन गोष्टी राहतात.

पहिली, ब्लूटूथचं खेळणं फोनला जोडलेलं असतं आणि फोन इंटरनेटला. क्लाउडपेट्स नावाची मऊ खेळणी अशीच ब्लूटूथची होती. पालक आणि मुलं एकमेकांना आवाजी निरोप पाठवायची, ते निरोप ॲपमार्फत सर्व्हरवर जायचे. फेब्रुवारी २०१७मध्ये उघड झालं की नोंदींचा तो साठा पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडा पडला होता: ८ लाखांहून जास्त खाती, २० लाखांहून जास्त निरोप. तेव्हा ॲप खातं मागत असेल तर नुसतं ब्लूटूथ आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

दुसरी गोष्ट, जोडणीला कुलूप आहे का. ‘माय फ्रेंड केला’ या बाहुलीला नव्हतं. डिसेंबर २०१६मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने दाखवून दिलं की आसपासचा कोणीही आपला फोन तिला जोडू शकतो. बाहुलीवरचं बटण दाबायला नको की पिन टाकायला नको. जोडला की बाहुलीतून बोलताही येतं आणि खोलीतलं ऐकताही येतं. फेब्रुवारी २०१७मध्ये जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने तिला लपवलेलं हेरगिरीचं यंत्र ठरवून बंदी घातली आणि घरात असलेल्या बाहुल्या निकामी करायला पालकांना सांगितलं.

तुमच्या खेळण्याची परीक्षा घरीच होते. तुमच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. खेळण्याला कधीही न जोडलेला दुसरा फोन घ्या. खेळणं चालू करा, पण त्याच्यावरचं कुठलंही बटण दाबू नका. दुसऱ्या फोनच्या ब्लूटूथ यादीत ते दिसतं का बघा. यादीत नसेल तर त्या फोनवर ॲप टाकून जोडून बघा, कारण कमी ऊर्जेचं ब्लूटूथ वापरणारी खेळणी साध्या यादीत बऱ्याचदा येत नाहीत. बटणाशिवाय जोडलं गेलं तर खेळणं नापास. नापास खेळण्यात मायक्रोफोन नसेल, नुसते दिवे आणि चाकं असतील, तर फार तर शेजारचं पोर तुमचा रोबो पळवेल. मायक्रोफोन असेल तर मात्र खेळून झालं की खालच्या खटक्यानेच बंद करायचं. ॲप बंद करून भागत नाही. तुमचा फोन सुटला की खेळणं पुढच्या जोडणीसाठी मोकळं होतं. अशा ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर असतो आणि भिंतीने तो कमी होतो, पण संपत नाही.

प्रश्न: रोबो वाय-फायला जोडताना ‘नेटवर्क सापडलं नाही’ असंच येतं. राउटर शेजारीच आहे. शिवाय ॲप ठिकाणाची परवानगी मागतंय, ती का?

दहांपैकी आठ वेळा कारण एकच: खेळण्यातली स्वस्त चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालते आणि तुमचा फोन ५ गिगाहर्ट्झवर बसलेला असतो. हल्लीचे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवतात, त्यामुळे हे लक्षात येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क असतं, ते चालू करा आणि त्याला फक्त २.४ ठेवा. हे तसंही करायला हवं, कारण खेळणं पाहुण्यांच्या नेटवर्कवर असलं की घरातला संगणक, प्रिंटर, कॅमेरे त्याला दिसत नाहीत.

तरीही जमलं नाही तर या क्रमाने बघा. राउटरमध्ये वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर जुन्या चिपा अडतात. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचं मिश्रण निवडा. पासवर्डच नको म्हणून नेटवर्क उघडं ठेवू नका. नेटवर्कचं नाव देवनागरीत किंवा त्यात मोकळी जागा असेल तर बदला. काही ॲप तिथेच गटांगळ्या खातात. पासवर्ड साधी अक्षरं आणि आकडे मिळून निदान १२ ठेवा. मग फोनचा मोबाइल डेटा आणि व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या मार्गाने वळवणारं ॲप) बंद करा. जोडणीच्या वेळी खेळणं स्वतःचं तात्पुरतं हॉटस्पॉट उभं करतं. फोनला दिसतं की तिथे इंटरनेट नाही, आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. जोडणी ८०-९० टक्क्यांवर येऊन तुटते ती बहुधा यामुळे.

जोडणी झाली आणि तरी ॲपला खेळणं दिसत नाही? फोन मुख्य नेटवर्कवर आणि खेळणं पाहुण्यांच्या नेटवर्कवर असताना दोघं थेट बोलू शकत नाहीत. सर्व्हरवर चालणाऱ्या खेळण्याला याने फरक पडत नाही. घरच्या घरी चालणाऱ्यासाठी खेळताना फोनही पाहुण्यांच्या नेटवर्कवर घ्या.

पहिला अपडेट मुलाच्या हातात देण्याआधी करून टाका, बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असताना. मध्येच बंद पडलं तर काही खेळणी पुन्हा सुरूच होत नाहीत.

आता ठिकाणाची परवानगी. अँड्रॉइड ११पर्यंत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायलाही ही परवानगी लागायची, म्हणून जुनी ॲप ती मागतात आणि त्यात लबाडी असेलच असं नाही. अँड्रॉइड १२पासून त्यासाठी ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी आहे. तेव्हा ‘फक्त ॲप वापरताना’ एवढीच द्या, जोडणी झाली की काढून घ्या आणि खेळणं चालतंय का ते बघा. नाही चाललं तर संशय घ्यायला जागा आहे. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ॲपिटॉर या रोबो बनवणाऱ्या कंपनीवर कारवाई केली ती याच मुद्द्यावर: ॲपमध्ये घातलेला तिसऱ्याच कंपनीच्या प्रोग्रॅमचा एक तुकडा पालकांना न विचारता मुलांचं ठिकाण गोळा करत होता. संपर्क, फोटो आणि एसएमएसच्या परवानग्या बहुतेक खेळण्यांना लागत नाहीत. नाकारून टाका.

प्रश्न: खातं उघडताना मुलाचं नाव, जन्मतारीख, फोटो मागतात. खोटं लिहिलं तर चालेल?

नाव टोपण द्या. फोटोऐवजी चित्र. ई-मेल खेळण्यांसाठी वेगळा काढलेला. जन्मतारीख मात्र अर्धीच खोटी द्या: वर्ष खरं, दिवस १ जानेवारी. वर्ष वाढवून मूल मोठं आहे असं दाखवलंत तर मुलांसाठी असलेली कायद्याची आणि ॲपमधली बंधनं आपोआप गळून पडतात. ही वयोमर्यादा अमेरिकेत १३, युरोपात देशागणिक १३ ते १६ आणि भारताच्या २०२३च्या कायद्यात १८ आहे.

प्रश्न: मुलगी एकटी शिकवणीला जाते म्हणून सिमकार्डाचं घड्याळ घेतोय. काय बघून घ्यावं?

ठिकाण दाखवण्याबद्दलच्या अपेक्षा आधी खाली आणा. उघड्यावर जीपीएस ५-१० मीटरच्या आसपास सांगतं. इमारतीत शिरलं की घड्याळ वाय-फाय आणि मोबाइलच्या मनोऱ्यांवरून अंदाज बांधतं, आणि तो काहीशे मीटरनेही चुकतो. मुलगी शिकवणीला बसलेली असते आणि नकाशावर पलीकडच्या वस्तीत दिसते. त्यावरून घाबरून धावपळ होते. ठिकाणाशेजारी ‘जीपीएस’ की ‘मनोरा’ हे लिहिणारं ॲप असेल तर बरं.

स्वस्त घड्याळांपैकी पुष्कळशी एसएमएसने हुकूम घेतात आणि त्यांचा मूळ पासवर्ड १२३४५६ असतो. घड्याळाचा नंबर ज्याला माहीत तो मग काहीही करू शकतो. माहितीपत्रकात ‘एसएमएस आज्ञा’ असं पान असेल तर पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, आणि फक्त यादीतल्या नंबरांचेच फोन घेण्याची सोय चालू करा. ‘दुरून ऐका’ ही सोय असलेलं घड्याळ घेऊ नका. जर्मनीने नोव्हेंबर २०१७मध्ये अशा घड्याळांवर बंदीच घातली, कारण घड्याळासमोर शिक्षक, मैत्रिणी, त्यांचे आईवडील सगळेच बोलत असतात.

प्रश्न: कॅमेऱ्याची गाडी स्वतःचं वाय-फाय तयार करते. इंटरनेट लागत नाही. ही चालेल?

चालेल, आणि सर्व्हरच्या गाडीपेक्षा बरी. फक्त तिच्या हॉटस्पॉटला पासवर्ड आहे का बघा. नसेल तर आसपासचा कोणीही फोन जोडून तुमच्या घरातलं चित्र पाहू शकतो. ॲपमध्ये पासवर्ड घालता येत असेल तर घाला. नसेल तर खेळ संपला की बॅटरी काढून ठेवा. हॉटस्पॉटचं नाव काही काळ दिसत राहिलं तर गाडी अजून चालूच आहे असं समजा.

प्रश्न: राउटरमध्ये दिसतं की खेळणं रात्रीही माहिती पाठवतंय. ते चोरून ऐकतंय का?

आकडा बघा, नुसती हालचाल नको. जोडलेलं खेळणं दर मिनिटा-दोन मिनिटाला सर्व्हरला ‘मी आहे’ म्हणून कळवतं, घड्याळ जुळवतं, नवा अपडेट आहे का विचारतं. याने रात्रभरात थोडीशी माहिती जाते, फार तर एक-दोन एमबी. आवाज पाठवायला त्याहून बराच जास्त लागतो. साधा, न दाबलेला (म्हणजे फाइलचा आकार कमी न केलेला) आवाज सेकंदाला ३२ केबी, म्हणजे तासाला सुमारे ११५ एमबी होतो. चांगला दाबून पाठवला तरी तासाला ७ ते ११ एमबी. तेव्हा राउटरच्या यादीत खेळण्याचं नाव शोधा, आणि डाउनलोडचा नव्हे तर अपलोडचा आकडा झोपताना आणि उठल्यावर लिहून ठेवा. शांत खोलीत आठ तासांत ५० एमबी अपलोड झाले असतील तर विचारायला हवं. उलट डाउनलोडचा आकडा एखाद्या रात्री अचानक मोठा दिसला तर तो अपडेट असतो.

खोली शांत असताना आकडा लहान आणि लोक बोलत असताना मोठा, असं दोन-तीनदा दिसलं तर खेळणं परत करायला एवढा पुरावा पुष्कळ. एरवीही राउटरच्या वेळापत्रकात खेळण्याला संध्याकाळी दोन तासच इंटरनेट ठेवता येतं, किंवा सरळ खटका बंद करता येतो.

प्रश्न: खेळण्याशी झालेल्या गप्पांची नोंद ॲपमध्ये मिळते. आम्ही ती ऐकावी का?

खेळणं नवं असताना, पहिले दोन आठवडे, जरूर चाळा; पण खेळणं काय बोललं ते तपासण्यासाठी. मुलाला आधी सांगा की हे अस्वल ऐकलेलं कंपनीला पाठवतं आणि आईबाबांनाही ते दिसतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं खासगी बोलणं त्याच्या पाठीमागे ऐकून त्यावरून त्याला बोललात, तर पुढची खरी अडचण ते तुम्हालाही सांगणार नाही. खेळायला येणाऱ्या इतर मुलांचा आवाजही त्यात असतो, त्यांच्या पालकांना याचा पत्ता नसतो. पाहुणे आले की अस्वल बंद. नोंदी साठवणं बंद करायची सोय ॲपमध्ये असेल तर दोन आठवड्यांनंतर ती वापरा.

प्रश्न: कंपनी बंद पडली तर खेळण्याचं काय होतं?

सर्व्हरवर चालणारं असेल तर ते मुकं होतं. डिसेंबर २०२४मध्ये ‘मॉक्सी’ या ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठीच्या रोबोची कंपनी, एम्बॉडीड, पैसे संपल्याने बंद होत असल्याचं जाहीर झालं, आणि मुलांचा सवंगडी झालेला रोबो बंद पडणार हे घरोघरी समजावून सांगायची पाळी पालकांवर आली. कंपनीने जाता जाता सर्व्हरचं काम घरच्या संगणकावर चालवण्याची सोय खुली केली, पण ती मांडून घेणं प्रत्येकाला झेपणारं नव्हतं.

घेतानाच दहा मिनिटांची एक परीक्षा करा. खेळणं नीट सुरू झाल्यावर राउटर आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि खेळून बघा. त्या दहा मिनिटांत जे चालतं तेवढंच कंपनी बुडाल्यावर तुमच्याकडे उरेल. गाण्यांचे आणि गोष्टींचे डबे यात बरे ठरतात: एकदा गोष्ट उतरवून घेतली की बरेचसे इंटरनेटशिवाय वाजतात. वर्षाची वर्गणी एकदम भरायला सूट मिळते म्हणून मोहात पडू नका; नव्या कंपनीच्या खेळण्याला महिन्याचीच भरा.

प्रश्न: मुलगा आता खेळत नाही, रोबो भाच्याला द्यायचा आहे. आधी काय पुसायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण आधी ॲप काढून टाकतात आणि तिथेच अडकतात, कारण खेळणं जुन्या खात्याला बांधलेलं राहतं आणि भाच्याकडे जोडलंच जात नाही.

१. ॲपमध्ये आवाजाच्या नोंदी, फोटो, मुलाची माहिती पुसा.
२. खेळणं खात्यातून काढा. ‘डिव्हाइस काढा’ किंवा तत्सम नावाने ही सोय असते. या वेळी खेळणं चालू आणि इंटरनेटला जोडलेलं हवं.
३. वर्गणी रद्द करा. ती बऱ्याचदा ॲपमध्ये नसून फोनच्या ॲप स्टोअरच्या खात्यात असते.
४. खातं पुसण्याची विनंती करा. ॲप काढल्याने खातं पुसलं जात नाही. सोय नसेल तर कंपनीला ई-मेल करा: खात्याचा ई-मेल, खेळण्याचा अनुक्रमांक, ‘मुलाची सगळी माहिती आणि आवाजाच्या नोंदी पुसाव्यात आणि पुसल्याचं कळवावं’ असं एक वाक्य.
५. मग खेळणं मूळ स्थितीला आणा. बहुतेकांना सुईच्या टोकाने दाबायचं छिद्र असतं किंवा दोन बटणं १० सेकंद दाबून धरायची असतात. दिवा किंवा आवाज बदलला की सोडा. मेमरी कार्ड असेल तर ते काढून घ्या.
६. फोनच्या ब्लूटूथ यादीतून रोबोचं नाव काढा आणि सगळ्यात शेवटी ॲप.

पाचवी पायरी टाळू नका. वाय-फायचा पासवर्ड खेळण्याच्या आतल्या चिपवर राहतो आणि स्वस्त खेळण्यांत तो बऱ्याचदा कुलूप न लावता ठेवलेला असतो. रोबो बिघडलेला असल्याने ती पायरी जमतच नसेल तर पाहुण्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड बदलून टाका. जुनं खेळणं तुम्ही विकत घेत असाल तर उलट बाजूने बघा: पैसे देण्याआधी ते तुमच्या फोनवर, तुमच्या खात्यात जोडून दाखवायला सांगा. ‘आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे’ असं आलं तर जुन्या मालकाने दुसरी पायरी करेपर्यंत घेऊ नका. तो मालक सापडत नसेल तर कंपन्या बहुधा मूळ पावती मागतात, आणि जुन्या खेळण्याबरोबर ती मिळत नाही.